‘सिलेरिटी’ : एका जुन्या वेगवाचक इंग्रजी शब्दाचा अर्थ आणि उगम

१. प्रश्नाचे स्वरूप

इंग्रजी भाषेत वेग व्यक्त करणाऱ्या शब्दांची वाण नाही. ‘स्पीड’, ‘व्हेलॉसिटी’, ‘हेस्ट’, ‘रॅपिडिटी’, ‘स्विफ्टनेस’ हे शब्द आजही सर्रास वापरात आहेत. त्यांच्याच पंक्तीत एकेकाळी मानाचे स्थान असलेला ‘सिलेरिटी’ हा शब्द मात्र बोलण्यातून जवळजवळ नाहीसा झाला आहे. कोशांत त्याच्यापुढे ‘औपचारिक’ किंवा ‘जुन्या वळणाचा’ अशा स्वरूपाची खूण आढळते, आणि अर्थ म्हणून बहुधा ‘वेग’ किंवा ‘चपळाई’ एवढेच दिलेले असते. कोशातील हा अर्थ चुकीचा नाही, पण अपुरा आहे. कारण हा शब्द खरोखरच ‘स्पीड’चा निव्वळ पर्याय असता, तर तो पूर्णपणे लोपला असता. प्रत्यक्षात युद्धकथा, नाटक, दंडनीती आणि जलगतिशास्त्र या परस्परांशी फारसा संबंध नसलेल्या क्षेत्रांत तो टिकून राहिला, आणि त्यांपैकी शेवटच्या दोन क्षेत्रांत तर आजही तो पारिभाषिक संज्ञा म्हणून वावरतो. हे टिकून राहणे निव्वळ योगायोगाचे आहे, की त्या शब्दाच्या अर्थातच त्याचे कारण दडलेले आहे, हा येथे विचारात घ्यावयाचा प्रश्न आहे.

या विवेचनातून पुढे येणारे प्रतिपादन थोडक्यात असे मांडता येईल : ‘सिलेरिटी’ हा शब्द धावणाऱ्या वस्तूच्या हालचालीपेक्षा परिणाम येऊन पोहोचण्याकडे अधिक लक्ष वेधतो. संकल्प आणि कृती, अपराध आणि दंड, दूरवरचा क्षोभ आणि किनाऱ्यावरचा तडाखा यांच्यामधील अंतर किती आखूड आहे, हे सांगण्यासाठी तो पुनःपुन्हा उपयोगात आणला गेला.

२. व्युत्पत्ती

‘सिलेरिटी’ इंग्रजीत आला तो पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात, जुन्या फ्रेंचमधील ‘सेलेरिते’ या शब्दावरून. फ्रेंच शब्दाचे मूळ लॅटिनमधील ‘केलेरितास’ या भाववाचक नामात आहे. ‘केलेर’ म्हणजे शीघ्र, चपळ. त्याला लागलेला प्रत्यय मराठीतील ‘शीघ्रता’, ‘चपलता’ यांतील ‘-ता’ या प्रत्ययाचेच काम करतो. अभिजात लॅटिनमध्ये आद्य व्यंजनाचा उच्चार ‘क’ असा होता. रोमान्स भाषांच्या जडणघडणीत तालव्य स्वरापूर्वीचा तो ‘क’ बदलला आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘स’ होऊन आला. ‘अॅक्सेलरेट’ म्हणजे वेग वाढविणे या क्रियापदातही हाच ‘केलेर’ लपलेला आहे. विशेष हे की, मूळ नाम अडगळीत गेले असता त्यापासून साधलेले हे क्रियापद मात्र मोटारीच्या ‘अॅक्सेलरेटर’च्या रूपाने भारतातील खेड्यापाड्यांपर्यंत जाऊन पोहोचले.

‘केलेर’च्याही मागे गेल्यास भाषाशास्त्रज्ञ ‘हाकणे, पुढे रेटणे’ या अर्थाच्या एका इंडो-युरोपीय धातूपाशी पोहोचतात. ग्रीकमधील शर्यतीच्या घोड्याचे वाचक ‘केलेस’ आणि जहाज किनाऱ्यास लावणे या अर्थाचे ‘केल्लो’ हे शब्द त्याच कुळातील मानले जातात. संस्कृतातील ‘कालयति’, म्हणजे हाकतो, हे रूपही काही अभ्यासक त्यांच्याशी जोडतात. तथापि हे शेवटचे नाते निर्विवाद नाही. ते बाजूस ठेवले तरी ग्रीक शब्दांवरून एक गोष्ट ध्यानात येते. हाकणारा आणि हाकलेला, रेटा आणि त्याचे गंतव्य, अशी जोडी या धातूच्या अर्थात गृहीत आहे. जहाज नुसते तरंगत नाही, ते किनाऱ्याला लावले जाते.

३. शेजारचे शब्द

‘सिलेरिटी’चे वेगळेपण तिच्या इंग्रजी शेजाऱ्यांच्या उगमांशी तुलना केल्यावर अधिक स्पष्ट होते. ‘स्पीड’ हा शब्द आज मोजता येणाऱ्या राशीचा वाचक आहे. परंतु जुन्या इंग्रजीत ‘स्पेद’ म्हणजे भरभराट, यश, समृद्धी. संस्कृतातील ‘स्फाय्’, म्हणजे वाढणे, फुगणे, या धातूशी त्याचे नाते मानले जाते. ‘स्फीत’ हे विशेषण त्याच धातूपासून झाले आहे. प्रवासाला निघणाऱ्यास दिला जाणारा ‘गॉडस्पीड’ हा जुना निरोप म्हणजे ‘देव तुला लवकर नेवो’ असा नसून ‘देव तुला यश देवो’ असा आशीर्वाद आहे. ‘हेस्ट’च्या मुळाशी हिंसा, आवेश या अर्थाचा जर्मानिक शब्द आहे. ‘क्विक’ म्हणजे मूळचा ‘जिवंत’. तो आणि मराठीतील ‘जीव’ हे दोन्ही शब्द एकाच पूर्वजाचे वंशज आहेत. ‘फास्ट’ म्हणजे तर पक्का, घट्ट, न हलणारा. त्याच शब्दाने पुढे वेगाचा अर्थ धारण करावा, हा अर्थविकासातील एक लक्षणीय उलटफेर होय.

अशा प्रकारे इंग्रजीतील जर्मानिक मुळाचे वेगवाचक शब्द यश, हिंसा, जीवन आणि दृढता अशा निरनिराळ्या अनुभवांतून वेगाच्या अर्थापाशी आले. त्या प्रत्येकावर जुन्या अर्थाचा काही संस्कार उरला आहे. ‘हेस्ट’मध्ये अविचाराची छटा आहे ती त्यामुळेच. ‘सिलेरिटी’ मात्र इंग्रजीत आली ती वेगाचाच अर्थ घेऊन. तिच्यावर संस्कार होता तो शब्दाच्या आदिम अर्थाचा नव्हे, तर रोमन इतिहासाचा आणि वाङ्मयाचा.

४. रोमन परंपरा

रोमच्या स्थापनेच्या कथेतच हा शब्द व्यक्तिनाम होऊन येतो. लिव्हीच्या वृत्तांतानुसार रोम्युलसने युद्धात आणि शांततेतही स्वतःजवळ ३०० सशस्त्र रक्षक बाळगले होते. त्यांना ‘केलेरेस’ असे म्हणत. हे नाव त्यांच्या शीघ्रतेवरून पडले, असे बहुतेकांचे मत असल्याचे हालिकार्नाससचा डायोनिसियस सांगतो. मात्र त्यांच्या ‘केलेर’ नावाच्या नायकावरून ते आले, असे दुसरे मतही तो नोंदवितो. ओव्हिडच्या ‘फास्ती’मध्ये नव्या नगराची तटबंदी ओलांडणाऱ्या रेमसला ठार करणारा तो हाच केलेर. आज्ञा झाली होती की तट ओलांडणाऱ्यास मृत्यू द्यावा. आज्ञा आणि तिची अंमलबजावणी यांच्यात विचाराला जागाच उरली नाही. म्हणजे रोमच्या मूळ कथेत शीघ्रता हा सद्गुण म्हणून येतो, त्याच क्षणी तो बंधुहत्येचे साधनही ठरतो. या शब्दाच्या पुढील इतिहासात हा दुहेरीपणा पुन्हा भेटतो.

प्लुटार्कने दिलेली एक आख्यायिका अर्थाच्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे. क्विंटस मेटेलस याने पित्याच्या निधनानंतर अवघ्या काही दिवसांत लोकांसाठी ग्लॅडिएटरांचे खेळ भरविले. त्या तयारीच्या शीघ्रतेने थक्क होऊन लोकांनी त्याला ‘केलेर’ हे उपनाम दिले. येथे कोणी धावत नाही, कोणी घोडा दौडवीत नाही. प्रसंग आणि त्याला साजेसा सोहळा यांच्यामधील काळ आखूड झाला, एवढेच घडले. आणि ‘केलेर’ म्हणवून घेण्यास तेवढे पुरेसे होते.

या अर्थाचा सर्वोच्च नमुना म्हणजे ज्यूलियस सीझर. स्वेटोनियस सांगतो की, सीझर भाड्याच्या हलक्या गाडीतून दिवसाला शंभर रोमन मैल, म्हणजे सुमारे १४८ किलोमीटर, प्रवास करी आणि पुष्कळदा आपल्या आगमनाची वर्दी देण्यासाठी पुढे धाडलेल्या दूतांच्याही आधी स्वतःच येऊन पोहोचे. वार्तेच्या आधी वार्तेचा विषय येऊन उभा राहणे ही ‘केलेरितास’ची परिसीमाच म्हणावी लागेल. इ.स.पू. ४९ मध्ये यादवी युद्धाच्या आरंभी सिसेरोने आपला मित्र आटिकस याला लिहिलेल्या पत्रात सीझरची दक्षता, शीघ्रता आणि उद्योगशीलता यांचा उल्लेख भयचकित होऊन केला आहे. पाच वर्षांनी, सीझरच्या हत्येनंतर, अँटनीच्या हालचालींचे वर्णन करताना तोच सिसेरो ‘सीझरी’ शीघ्रता असा शब्दप्रयोग करतो. एका व्यक्तीचा गुण तोवर विशेषणासह रूढ झालेला वाक्प्रचार बनला होता.

तथापि, रोमन विचारात शीघ्रतेची ही प्रशंसा निरपवाद नव्हती. इ.स.पू. ४४ मध्ये पुत्राला उद्देशून लिहिलेल्या ‘द ऑफिकीस’ या ग्रंथात सिसेरो बजावतो की, मिरवणुकीतल्यासारखी अतिसंथ चाल जशी शोभत नाही, तशीच घाईच्या भरातली अतिशीघ्रताही शोभत नाही. तिने धाप लागते आणि चेहऱ्याची शांती बिघडते. ऑगस्टसला प्रिय असलेले ‘सावकाश त्वरा कर’ अशा आशयाचे ग्रीक वचनही याच सावधगिरीचे निदर्शक आहे. जे पुरेसे चांगले झाले ते पुरेसे लवकर झाले, असेही तो म्हणत असल्याचे स्वेटोनियस नोंदवितो. पुढे इरॅस्मसने ‘अडाजिया’ या सुभाषितसंग्रहाच्या १५०८ च्या व्हेनिस आवृत्तीत त्या वचनावर दीर्घ टिपण लिहिले. त्या आवृत्तीचा मुद्रक आल्दुस मानुतियस याची मुद्रा म्हणजे नांगराला वेढा घातलेला डॉल्फिन, वेग आणि स्थैर्य यांचे जोडचित्र. इंग्रजीने पंधराव्या व सोळाव्या शतकांत ‘सिलेरिटी’ हा शब्द स्वीकारला तो प्रशंसा आणि साशंकता या दोन्ही वारशांसह.

५. एलिझाबेथकालीन व जेकोबियन उपयोग

फ्रान्सिस बेकनच्या निबंधसंग्रहाच्या १६२५ च्या आवृत्तीत विलंबावर एक छोटा निबंध आहे. मसलतीच्या वेळी गुप्तता आणि अंमलबजावणीच्या वेळी ‘सिलेरिटी’ ही मोठी सामर्थ्ये असल्याचे तो सांगतो. इतकेच नव्हे, तर कृतीची वेळ आल्यावर शीघ्रता हीच खरी गुप्तता होय, असे सुचवितो. बंदुकीच्या गोळीचा त्याचा दृष्टान्त येथे चपखल बसतो : ती डोळ्यांना दिसत नाही ती लपलेली असल्यामुळे नव्हे, तर दिसण्याआधीच पोहोचल्यामुळे. सीझर आणि त्याचे मागे पडलेले दूत यांच्या कथेचेच हे तात्त्विक रूप आहे.

शेक्सपिअरच्या नाटकांत हा शब्द मोजक्याच ठिकाणी येतो. पण त्यांतील तीन स्थळे तुलनात्मक अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत.

पहिले स्थळ १५९९ च्या सुमाराच्या ‘पाचवा हेन्री’ या नाटकातील. तिसऱ्या अंकाच्या प्रारंभी सूत्रधारवजा ‘कोरस’ प्रेक्षकांना इंग्लंडच्या किनाऱ्यावरून फ्रान्समध्ये घेऊन जातो, आणि दृश्याच्या या उड्डाणाची ‘सिलेरिटी’ विचाराच्या वेगाहून कमी नाही, असे सांगतो. वेगाचे परिमाण म्हणून मनाकडे पाहणे हे फार प्राचीन आहे. ऋग्वेदात अश्विनांचा रथ मनाहून वेगवान म्हटला आहे, ‘ओडिसी’च्या सातव्या सर्गात फिएशियन लोकांची जहाजे पंखासारखी वा विचारासारखी जलद असल्याचे वर्णन आहे, संस्कृतातील ‘मनोजव’ हा समास तर मराठी वाचकाला मारुतीच्या स्तुतीमुळे लहानपणापासून परिचित असतो. मन प्रत्यक्षात कोठेच धावत नाही. ते एकदम तेथे असते. शेक्सपिअरच्या रंगभूमीला नेमके हेच हवे होते, कारण तिच्यापाशी जहाजे नव्हती, प्रेक्षकांचे मन तेवढे होते.

दुसरे स्थळ ‘अँटनी आणि क्लिओपाट्रा’ या १६०६-०७ च्या सुमाराच्या नाटकातील. ऑक्टेव्हियस सीझर इटलीच्या बंदरांतून समुद्र ओलांडून इतक्या लवकर तोरीन हे ठिकाण घेऊ शकला, याचे अँटनीला आश्चर्य वाटते. त्यावर क्लिओपाट्रा टोमणा मारते, त्याचा आशय असा की, शीघ्रतेचे सर्वाधिक कौतुक गाफील माणसालाच वाटते. हा प्रसंग शेक्सपिअरने प्लुटार्कवरून, टॉमस नॉर्थच्या १५७९ च्या भाषांतराच्या आधारे घेतला. प्लुटार्ककडे नेमक्या याच जागी क्लिओपाट्राचा एक विनोद आहे. ‘तोरीन’ याचा ग्रीक अर्थ पळी. तेव्हा सीझर पळीवर जाऊन बसला तर त्यात भिण्यासारखे काय, असे ती विचारते. हा श्लेष अन्य भाषेत नीट उतरत नाही, याची टीप नॉर्थला समासात द्यावी लागली. शेक्सपिअरच्या नाटकात हा श्लेष नाही. त्या जागी ‘सिलेरिटी’वरचे हे मार्मिक वाक्य आहे. भाषांतरात हरवलेल्या शब्दखेळाच्या ठिकाणी नाटककाराने स्वभावदर्शन ठेवले, आणि त्यासाठी निवडलेला शब्द थेट सीझर घराण्याच्या परंपरेतला होता. पित्याची ‘केलेरितास’ दत्तक पुत्राकडे आली आहे; तिला ओळखण्यात अँटनी कमी पडतो, ही शोकात्म वस्तुस्थिती त्या एका शब्दाने सूचित होते.

तिसरे स्थळ ‘मेझर फॉर मेझर’च्या शेवटच्या अंकात आहे. इझाबेलाच्या भावाचा शिरच्छेद झाला असे सर्वांना वाटत असता ड्यूक तिला सांगतो की, मृत्यू इतक्या वेगाने आला की त्याला वाचविण्याचा आपला हेतू तेथेच चिरडला गेला. येथे ‘सिलेरिटी’ला ‘शीघ्र’ या अर्थाचेच विशेषण जोडलेले आहे. वरवर पाहता ही द्विरुक्ती आहे, पण ती सत्ताधाऱ्याच्या सबबीला शोभणारी आहे. भाऊ जिवंत आहे हे ड्यूकला ठाऊक आहे. दंडाच्या वेगाला दोष देऊन राज्यकर्ता स्वतः नामानिराळा राहू शकतो, हे या प्रसंगातून उघड होते. तटबंदीवरच्या केलेरचे हे सभ्य नागरी रूप म्हणता येईल.

६. दंडनीतीतील संज्ञा

दंड आणि शीघ्रता यांचा विचार तात्त्विक पातळीवर नेला तो चेझारे बेक्कारिया या मिलानच्या विचारवंताने. त्याचा ‘अपराध आणि शिक्षा यांविषयी’ हा ग्रंथ १७६४ मध्ये प्रसिद्ध झाला. शिक्षा अपराधानंतर जितकी लवकर होईल तितकी ती न्याय्य आणि उपयुक्त ठरते, असे त्याचे म्हणणे होते. उपयुक्त अशासाठी की, दोहोंमधील काळ आखूड असला म्हणजे लोकांच्या मनात अपराध हे कारण आणि शिक्षा हे कार्य, असा संबंध दृढ होतो. न्याय्य अशासाठी की, अनिश्चिततेचा छळ आरोपीला सोसावा लागत नाही. खटल्यापूर्वीची कैद हीदेखील एक शिक्षाच असल्यामुळे ती शक्य तितकी अल्प असावी. म्हणजे बेक्कारियाची शीघ्रता केवळ राज्याच्या सोयीची नव्हती, ती आरोपीच्या बाजूनेही बोलत होती.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, बेक्कारियाने वापरलेला इटालियन शब्द ‘प्रोन्तेत्सा’, म्हणजे तत्परता, असा आहे. १७६७ च्या पहिल्या इंग्रजी भाषांतराच्या संबंधित प्रकरणशीर्षकातही ‘सिलेरिटी’ नाही, ‘तात्काळ शिक्षा’ अशा अर्थाची शब्दयोजना आहे. विसाव्या शतकातील अपराधशास्त्रज्ञांनी बेक्कारियाच्या विचारांतून प्रतिबंधाची त्रिसूत्री रचली तेव्हा हा जुना लॅटिन शब्द पुढे आला : ‘सर्टन्टी’ म्हणजे निश्चिती, ‘सिव्हेरिटी’ म्हणजे कठोरता आणि ‘सिलेरिटी’. या निवडीत समान नादाचा वाटा असावा; पण अर्थही तंतोतंत जुळत होता. मोजायचे होते ते दोन घटनांमधील अंतर, कोणाचे धावणे नव्हे. या तीन घटकांपैकी निश्चितीचा परिणाम संशोधनात सर्वाधिक दिसून येतो, तर सिलेरिटीविषयीचे अनुभवाधिष्ठित पुरावे सर्वांत विरळ आहेत, हेही नमूद करावयास हवे.

भारतीय संदर्भात हा प्रश्न केवळ परिभाषेचा राहत नाही. १९७९ मध्ये हुसैनारा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शीघ्र न्यायचौकशीचा हक्क राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कात अंतर्भूत असल्याचे सांगितले. बिहारच्या तुरुंगांतील कित्येक कच्चे कैदी, ज्या अपराधांचा त्यांच्यावर आरोप होता त्यांच्या कमाल शिक्षेपेक्षाही अधिक काळ बंदिवासात होते, हे त्या प्रकरणात उघड झाले. १९९२ मध्ये अंतुले प्रकरणात आणि २००२ मध्ये रामचंद्र राव प्रकरणात याच न्यायालयाने हा हक्क मान्य ठेवूनच सर्व खटल्यांना सरसकट कालमर्यादा घालण्यास नकार दिला. शीघ्रता हवी, पण घाई नको, हा जुना रोमन तोलच या निर्णयांत नव्या भाषेत अवतरला आहे. ‘सिलेरिटी’ हा शब्दही भारतातील वरिष्ठ न्यायालयांच्या इंग्रजी निकालपत्रांत आजही भेटतो. इंग्लंडच्या बाजारात दुर्मिळ झालेले नाणे येथील न्यायालयांत अद्याप चालते आहे.

७. पाण्यावरचा वेग

दुसरे पारिभाषिक क्षेत्र जलगतिशास्त्राचे. तेथे पाण्याच्या कणांच्या वेगाला ‘व्हेलॉसिटी’ आणि त्यावरून सरकणाऱ्या लाटेच्या आकाराच्या वेगाला ‘सिलेरिटी’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. हा भेद आवश्यक आहे, कारण लाट पुढे जाते तेव्हा पाणी त्या वेगाने पुढे जात नाही. १८३४ मध्ये जॉन स्कॉट रसेल या स्कॉटिश अभियंत्याने एडिनबरोजवळच्या कालव्यात उठलेल्या एका एकाकी लाटेचा घोड्यावर बसून पाठलाग केला. तो ज्याच्यामागे दौडत होता ते पाणी नव्हते, पाण्याने धारण केलेला आकार होता.

खोलीच्या मानाने लाट फार लांब असेल तर तिची सिलेरिटी गुरुत्वत्वरण आणि पाण्याची खोली यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाइतकी असते. समुद्र ४,००० मीटर खोल असेल तेथे ती सेकंदाला सुमारे १९८ मीटर, म्हणजे ताशी ७०० किलोमीटरांहून अधिक भरते; त्याच वेळी खोल समुद्रातील पाणी जवळजवळ जागच्या जागीच असते आणि वरून जाणाऱ्या जहाजाला काही जाणवतही नाही. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळील भूकंपानंतर सुमारे अडीच तासांत त्सुनामी चेन्नईच्या किनाऱ्यावर येऊन थडकली. त्या वेळी हिंदी महासागरात पूर्वसूचनेची यंत्रणा नव्हती. भारतीय त्सुनामी पूर्वसूचना केंद्र हैदराबादेत २००७ मध्ये सुरू झाले. अशा केंद्राचे काम एका अर्थी सीझरच्या दूतांचेच आहे : वार्ता घटनेच्या आधी पोहोचविणे. येथे ‘सिलेरिटी’ आणि ‘व्हेलॉसिटी’ यांतील भेद हा शब्दच्छल उरत नाही.

भौतिकीतील प्रकाशवेगाचे रोमन लिपीतील चिन्हही ‘केलेरितास’चे आद्याक्षर होय, अशी एक लोकप्रिय समजूत आहे. उपलब्ध इतिहास मात्र इतका सरळ नाही. वेबर आणि कोलराउश यांच्या १८५६ च्या विद्युत्विषयक लेखात हे चिन्ह एका स्थिरांकासाठी आले होते. आइनस्टाइनने १९०५ च्या लेखात प्रकाशवेगासाठी निराळे अक्षर वापरले आणि १९०७ मध्ये तो आजच्या चिन्हाकडे वळला. चिन्हाला लॅटिन पूर्वज नंतर बहाल करण्यात आला असणेही शक्य आहे. व्युत्पत्तीच्या अभ्यासात अशा देखण्या समजुतींपासून सावध राहणे अगत्याचे असते.

८. मराठीत आणताना

‘सिलेरिटी’साठी मराठीत एकच प्रतिशब्द ठरविणे इष्ट नाही, हे वरील विवेचनावरून दिसून येईल. मराठीतील वेगवाचक शब्दांनाही आपापला पूर्वेतिहास आहे. ‘वेग’ हा शब्द थरथरणे, दचकणे या अर्थाच्या ‘विज्’ धातूपासून आला. ‘उद्वेग’ आणि ‘आवेग’ यांत तो कंप अद्याप जाणवतो. चरकसंहितेत मलमूत्रादी नैसर्गिक प्रवृत्तींना ‘वेग’ म्हटले आहे. ‘चपळाई’ मराठीत स्तुतिपर आहे. पण संस्कृतात ‘चापल्य’ हा बहुधा दोष असून, भरताच्या तेहतीस व्यभिचारी भावांत ‘चपलता’ आणि ‘आवेग’ या दोहोंचा समावेश आहे. ‘गती’ म्हणजे जाणे, तसेच मरणोत्तर अवस्थाही. ‘जलद’ हा फारसीमार्गे आलेला शब्द. मेघवाचक संस्कृत ‘जलद’शी त्याचा काही संबंध नाही. ‘आशुकवी’तील ‘आशु’ हा ग्रीक ‘ओकुस’चा सख्खा भाऊबंद. शालेय विज्ञानात ‘स्पीड’साठी ‘चाल’ आणि ‘व्हेलॉसिटी’साठी ‘वेग’ हे रूढ झाले आहेत, त्यामुळे या दोन शब्दांची पारिभाषिक जागा आता भरलेली आहे.

अशा स्थितीत भाषांतरकाराने संदर्भ पाहून निवड करणे हाच मार्ग उरतो. सीझरच्या गुणासाठी ‘चपळाई’ किंवा ‘शीघ्रता’ शोभेल, ‘पाचवा हेन्री’मधील कोरससाठी ‘मनोवेग’च्या कुळातील शब्द जवळचा, लाटेसाठी ‘तरंगवेग’ पुरेसा स्पष्ट. क्लिओपाट्राच्या टोमण्यात मात्र ‘वेग’ दुबळा पडेल. तेथे ‘तत्परता’ अधिक नेमकी, कारण गाफीलपणाचा खरा विरोधी गुण तोच आहे. दंडनीतीत ‘अविलंबिता’ किंवा ‘शीघ्रता’ यांचा विचार करता येईल. ‘घाई’ किंवा ‘तातडी’ हे शब्द तेथे कटाक्षाने टाळावयास हवेत. खटल्याची शीघ्रता हा आरोपीचा हक्क आहे. खटल्याची घाई ही त्याच हक्काची पायमल्ली होऊ शकते. मराठीत या दोन शब्दांमध्ये असलेले अंतर कायद्याच्या भाषांतरात पुसले गेले, तर त्याची किंमत वाचकाला नव्हे, कैद्याला मोजावी लागेल.

९. समारोप

‘सिलेरिटी’च्या इतिहासाकडे एकत्रितपणे पाहता असे म्हणता येते की, सामान्य भाषेतील वेग ‘स्पीड’ने आणि विज्ञानातील दिशायुक्त वेग ‘व्हेलॉसिटी’ने व्यापल्यानंतरही एक जागा रिकामी राहिली होती. ती म्हणजे कारण आणि परिणाम यांच्यामधील अवकाशाची. लॅटिनमध्ये हा शब्द घोड्यासाठी आणि वाऱ्यासाठीही वापरला जात असे, हे खरे. परंतु केलेर, मेटेलस, सीझर, बेकन, शेक्सपिअर, अपराधशास्त्र आणि जलगतिशास्त्र या मुक्कामांवर तो ज्या अर्थाने सजीव राहिला, तो अर्थ पोहोचण्याचा आहे, पळण्याचा नव्हे. जुना शब्द आपल्या वयामुळे मरत नाही. तो दाखवीत असलेला भेद कोणालाच नकोसा झाला म्हणजे मरतो. लाटेआधी सूचना पोहोचावी आणि शिक्षेआधी न्याय पोहोचावा, ही गरज जोवर आहे तोवर या शब्दाचे काम संपलेले नाही.